बदली गुडघे

या, जरा पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलं की अर्धी कथा भिंत ऐकते आणि उरलेली अर्धी डुलकी. पाय पसरायचे असतील तर खुशाल पसरा, आज कुणी नावं ठेवणार नाही, कारण कथाच पायांची आहे. एका टेलरमास्तरांचा गुडघा धावून धावून कसा दुखला, पुढे तो बरा कसा झाला, आणि तो बरा होत असताना बाकीच्यांचं काय झालं, ते सगळं आज सांगणार आहे. चित्त द्या.

देवाने माणसाला गुडघे दिले ते वाकण्यासाठी. थोरामोठ्यांपुढे वाकावं, पडलेलं उचलायला वाकावं, लेकराशी बोलताना त्याच्या उंचीचं व्हायला वाकावं, एवढ्यासाठी त्या दयाळूने या दोन बिजागऱ्या इतक्या निगुतीने घडवल्या. त्या धावण्यासाठी आहेत असं त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण नाहीत असंही लिहून ठेवलेलं नाही. आणि देवाचं जे लिहायचं राहून गेलं, ते लिहून काढण्यासाठी समाजात मंडळं असतात.

तसं एक मंडळ होतं, अखंड धाव मंडळ. त्याचं कार्यालय बागेच्या फाटकालगत, माळ्याच्या अवजारांच्या खोलीत. आत फावडी, गुंडाळलेली पाण्याची नळी, एक चाक गेलेली ढकलगाडी आणि मंडळाची घटना, एवढ्या वस्तू. (पैकी घटना उचलायला दोन माणसं लागत.) मंडळाची रीत मोठी देखणी होती. प्रत्येक सभासदाची एक दोरी फाटकाशेजारच्या कठड्याला बांधलेली असे. पहाटे बागेबाहेरच्या रस्त्याने पूर्ण फेरी धावून आलं की त्या दोरीला एक गाठ. एक दिवस जरी खंड पडला तरी चिटणीस सर्वांसमक्ष दोरी कापत आणि त्या माणसाच्या हातावर नवी, बिनगाठीची दोरी ठेवत. सगळे माना खाली घालून उभे राहत. पुढे आठवडाभर त्या माणसाशी सभासद हळू आवाजात बोलत, जसं आपण कुणाच्या घरी काही वाईट झालं की बोलतो तसं.

बाहेरचा रस्ता एका अंगाला उतरता होता. त्यामुळे एक पाय कायम दुसऱ्यापेक्षा खाली पडायचा. याने माणसाला चढउताराची सवय होते, असं मंडळाचं मत. बागेच्या आत मातीची एक सपाट वाटही होती, झाडांच्या सावलीतली. ती मंडळाने अपात्र ठरवली होती, कारण तिच्यावरून आजीबाई चालायच्या.

चिटणीस स्वतः धावत नसत. जो धावतो त्याचं लक्ष धावण्यात असतं, मग शिस्तीकडे कोण बघणार, हे त्यांनी स्थापनेच्या सभेतच सर्वांना पटवून दिलं होतं. ते फाटकापाशी खुर्ची टाकून, गळ्यात शिट्टी अडकवून, पायावर पाय टाकून बसत. मंडळात ठणठणीत गुडघे फक्त त्यांचेच होते आणि त्याचं श्रेय ते शिस्तीलाच देत.

मंडळाने एकदा सभासदांच्या प्रकृतीची पाहणी केली. तीत असं आढळलं की शंभरातल्या एकाहत्तर जणांचा एक गुडघा दुखतो, एकोणतीस जणांचे दोन्ही दुखतात, आणि उरलेल्यांना काहीही त्रास नाही. पाहणीचा निष्कर्ष समाधानकारक म्हणून स्वीकारण्यात आला. दुखण्याबद्दल मंडळाचं धोरण स्पष्ट होतं. ते एका पदात बांधलेलं होतं आणि फेरी सुरू होण्याआधी टाळ्यांच्या ठेक्यावर म्हटलं जाई:

दुखो गुडघा, सुजो घोटा,
परि न सोडू पहाटवाटा.

पद गोड होतं. पाठीमागच्या रांगेतले लोक लंगडत लंगडत जेव्हा ते आळवायचे तेव्हा ऐकणाऱ्याचा कंठ दाटून यायचा. (धावणाऱ्यांचा आधीच दाटलेला असायचा, धापेने.)

आता मास्तरांकडे येऊ.

तीन पायऱ्या चढून गेलं की मास्तरांचं दुकान. एक पायमशीन, कापायचं टेबल, उभा आरसा, आणि भिंतीभर खुंट्यांना लटकणारे अर्धवट कपडे: बाह्यांची वाट बघणारे सदरे, कॉलरवाचून ताटकळलेले झगे, एकाच पायाच्या पॅन्टी. मास्तरांच्या हातात कला होती. कात्री कापडावर ठेवली की कापड आपणहून बाजूला व्हायचं. पण जिभेवर एकच तारीख होती, ती म्हणजे परवा. कुणीही यावं, कधीही यावं, मास्तर मान वर करून प्रेमाने म्हणायचे, "झालंच आहे, परवा घेऊन जा." तो परवा कोणत्याही कॅलेंडरात सापडत नसे. बारशाला शिवायला टाकलेलं झबलं बाळाच्या पाठच्या भावाला घट्ट झालं, तेव्हा कुठे तयार झालं. एका गृहस्थांनी स्वतःचं लग्न ठरलं म्हणून कोट टाकला होता. लग्न झालं, संसार वाढला, कपाळ वर सरकत सरकत टाळूला भिडलं, तरी ते महिन्याच्या महिन्याला पायऱ्या चढून यायचे. गावात त्यांना सगळे कोटवाले म्हणत. (अंगावर कोट नसताना ही पदवी मिळवणारे ते एकटेच.)

मास्तर मनाने चांगले. खोटं बोलावं म्हणून बोलत नसत. परवा म्हणताना त्यांना खरोखरच वाटायचं की परवा होईल. आणि रात्री अंथरुणावर पडलं की खुंट्यांवरचे सगळे बिनहाताचे सदरे त्यांना हात नसूनही बोट दाखवायचे.

तर बैठं काम, पोट पुढे आलेलं, पायऱ्या चढताना धाप. डॉक्टरांनी सांगितलं, चालत जा. मास्तरांनी चौकशी केली, पण चालणाऱ्यांचं मंडळ कुठे निघालं नाही. चालण्यात अभिमान बाळगण्यासारखं काही नसतं, म्हणून तसं मंडळ टिकत नाही. मग ते अखंड धाव मंडळात दाखल झाले. पहिल्याच दिवशी पूर्ण फेरी. थोडं चालून, थोडं धावून, हळूहळू वाढवणं याला घटनेत एक शब्द होता, टंगळमंगळ. पायात बूट होते ते मेव्हण्याने टाकून दिलेले, ज्यांचा तळ एका बाजूने इतका झिजला होता की ते जमिनीवर ठेवले तरी कुठेतरी निघाल्यासारखे दिसायचे.

आणि एक चमत्कार झाला. मास्तर दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्याही. दोरीवर गाठीमागून गाठ चढत गेली. दोरी कठड्याला पुरेना, तिचा वेढा करावा लागला. ज्या माणसाने जन्मात कुणाला दिलेला शब्द वेळेवर पाळला नव्हता, त्याची दोरी मंडळात सर्वांत लांब झाली. बागेत येणारे लोक थांबून ती बघायचे. मास्तर दुकानातून परतताना वाट वाकडी करून फाटकापाशी यायचे, आणि कुणी बघत नाही असं पाहून त्या गाठींवरून बोट फिरवायचे, जपमाळ ओढावी तसं.

मग गुडघा बोलू लागला.

आधी पायऱ्या उतरताना. मग खुर्चीतून उठताना. मग मशीनचं पायडल दाबताना, वाटीखाली असं टोचायचं जसं आत कुणी टाचणी विसरलंय. गुडघा दुखतो असं चारचौघांत म्हणायची खोटी, की ज्ञानाचे झरे फुटतात. न्हावी म्हणाला, पायावरचे केस काढून टाका, तेवढंच वजन कमी. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, उलटं धावा, गेलेली झीज परत येते. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावून गुडघा पाहिला आणि तेल सुचवलं. औषधाच्या दुकानातून एक मलम आलं, ते इतकं झोंबायचं की लावल्यावर गुडघा दुखतोय हेच विसरायला व्हायचं. झोंबणं थांबलं की आठवायचं. मेव्हण्याने पडल्या पडल्या सांगितलं, "भावोजी, सगळं मनाचं असतं." (मेव्हण्याचा मुक्काम बहिणीकडे तात्पुरता होता. तो सुरू झाला तेव्हा कोटवाल्यांना केस होते.)

शेवटी बायकोने त्यांना फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. खोलीत एक पलंग, भिंतीला रबराचे रंगीत पट्टे, आणि कोपऱ्यात एक लाकडी पायरी जी कुठेही जात नव्हती. बाईंनी गुडघा वाकवून पाहिला, बूट उलटे करून पाहिले आणि बराच वेळ बुटांकडेच बघत राहिल्या.

"किती धावता?"

"पूर्ण."

"आणि सुरुवातीला किती धावायचात?"

"पूर्णच."

"मधे सुट्टी?"

"तशी सोय नाही."

बाईंनी सांगितलं ते असं. काही आठवडे धावणं बंद. दुखलं की बर्फाने शेका. मांड्या बळकट करा. खुर्चीत बसा आणि हात न टेकता सावकाश उठा, पुन्हा बसा, पुन्हा उठा. एका पायरीवर चढा, उतरा. पोटऱ्या ताणा. दुखायचं थांबलं की आधी चाला, मग चालता चालता थोडं धावा, मग थोडं जास्त. पावलं लहान टाका. सपाट वाटेवर धावा. बूट नवे घ्या. आणि दुखलं की थांबा.

"आणि औषध?" मास्तरांनी विचारलं.

"थांबणं," बाई म्हणाल्या.

सल्ला बरोबर होता, सोपा होता आणि बिनखर्चाचा होता (बूट सोडून). असा सल्ला समाजात रुजत नाही. त्यात त्याग नाही, पथ्य नाही, कुणाला वर्णन करून सांगावं असं काही नाही. "मी थांबलो" असं सांगणाऱ्याच्या गळ्यात आजवर कुणी हार घातलेला नाही.

परत आल्यावर मास्तर दुकानात कापायच्या टेबलाशी नुसतेच उभे राहिले.

"मोडू दे की ती दोरी," बायको म्हणाली. "दोरीच आहे. नवी देतात ना?"

"अगं, आयुष्यात एका माणसाला दिलेली तारीख पाळली नाही मी," मास्तर म्हणाले. "ही एकच आहे जिला अजून परवा म्हटलेलं नाही."

बायकोने खुंट्यांकडे पाहिलं. तिच्याही दोन चोळ्या तिथे होत्या, लग्नाच्या वर्षापासून.

मास्तरांनी चिटणीसांचे पाय धरले. (म्हणजे आदराने. ते ठणठणीत होते.) चिटणीसांनी दोन माणसांकरवी घटना बाहेर आणवली. बराच वेळ पानं उलटली आणि एक पोटनियम सापडला: सभासद असमर्थ झाल्यास त्याच्या रक्ताच्या नातलगाने त्याच्या नावाने फेरी केल्यास गाठ ग्राह्य धरावी. एकाने केलेलं पुण्य दुसऱ्याच्या पदरात घालता येतं हे सर्वमान्य आहे, मग एकाचा घाम दुसऱ्याच्या दोरीवर का चढू नये, असं टिपणही खाली होतं. एकच अट होती. बदली धावकाने मूळ सभासदाचेच बूट घालावेत, म्हणजे रस्त्याला फरक कळणार नाही.

अडचण एवढीच की मास्तरांच्या रक्ताचं गावात कुणी नव्हतं. चिटणीसांनी खुलासा केला: मेव्हणा रक्ताचा नसला तरी मास्तरांचं रक्त आटवण्यातला त्याचा वाटा लक्षात घेता त्याला त्याच सदरात धरण्यास हरकत नाही.

मेव्हण्याला पहाटे उठवण्यात आलं. पहाट म्हणून काही असते हे त्याला माहीतच नव्हतं. तो बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिला. मग पद म्हणून, पूर्ण फेरी धावून आला. चार दिवस त्याने किल्ला लढवला. पाचव्या दिवशी त्याला उचलून आणलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "भावोजी, मनाचं नाहीये हे."

मग बायकोने बूट पुढे ओढले. ते तिला मोठे होत होते, म्हणून तिने पुढच्या टोकाला चिंध्या कोंबल्या. शिंप्याच्या घरात चिंध्यांना तोटा नसतो. मास्तर दारात उभे होते. त्यांना म्हणायचं होतं, नको जाऊस. पण त्यांच्या डोळ्यांपुढे दोरी होती, आणि तोंडातून निघालं ते असं, "वळणावर जपून."

तिने त्या बुटांत पुष्कळ दिवस काढले. तिला मेव्हण्यापेक्षा जास्त सोसायची सवय होती, हा तिचा दोष. शेवटी एका पहाटे तीही कठड्याला धरून बसली. गाठ तेवढी बांधून बसली.

तिच्या जागी तिचे वडील, म्हणजे मास्तरांचे सासरे आले. आयुष्यभर गोदामात वजनकाट्यावर नोकरी केलेले, तोलून मापून बोलणारे. त्यांनी बूट हातात घेऊन वजन पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, लेक दिली तेव्हा वाटलं होतं, देणं संपलं." त्यांचा गुडघा एकाच फेरीत गेला. अनुभवी माणसाला फार वेळ लागत नाही.

आता घरात तीन खुर्च्या, तीन स्टुलं आणि स्टुलांवर तीन पाय. बर्फ वितळला की मेव्हणा हाक मारणार, चहा थंड झाला की सासरे. बायको हाक मारत नसे, पण ती मारत नाही हे मास्तरांना जास्त ऐकू यायचं. मास्तर खुर्चीत बसले की उठायचे, उठले की बसायचे. हातात कधी बर्फाची पिशवी, कधी चहाचा ट्रे, त्यामुळे हात टेकायची सोय नाही. स्वयंपाकघराला एक पायरी होती, ती दिवसातून कितीदा चढली-उतरली याला गणती नाही. आणि धावणं तर बंदच होतं, कारण ते दुसरे करत होते. म्हणजे फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलेला सगळा उपचार मास्तरांच्या हातून बिनबोभाट पार पडला. देव हात धरून व्यायाम करून घेतो, तो असा.

एके दिवशी मास्तर दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि खाली आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण भिंत धरली नाही. ते परत वर चढले. परत उतरले. समोरच्या चहावाल्याला वाटलं, काही हरवलंय.

त्यांनी नवे बूट घेतले. बागेतल्या मातीच्या वाटेवर आधी चालले, मग एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत धावले, मग पुन्हा चालले. पावलं लहान. आजीबाई त्यांना वाट द्यायच्या, ते आजीबाईंना द्यायचे. काही आठवड्यांनी ते पूर्ण फेरीएवढं अंतर आतल्या आत सहज धावू लागले. घामाघूम चेहऱ्यावर हसू. आणि त्याच वेळी फाटकाबाहेरच्या उतरत्या रस्त्यावरून त्यांच्या नावाने, त्यांच्या जुन्या बुटांत, कुणीतरी लंगडत धावत असायचं.

तुम्ही विचाराल, मग मास्तरांनी स्वतःच का नाही गाठ बांधली? त्यांनीही तेच विचारलं. चिटणीसांनी शांतपणे समजावलं. आधी, अर्धी धाव आणि अर्धं चालणं, म्हणून अर्धी गाठ, आणि अर्धी गाठ बांधता येत नाही, हवं तर करून बघा. (मास्तरांनी करून बघितली. खरंच येत नाही.) पुढे पूर्ण फेरी झाली तेव्हा चिटणीस त्यांच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही."

"मग?"

त्याच संध्याकाळी ठराव झाला: ज्या धावेत काहीही दुखत नाही, ती धाव न समजता फेरफटका समजण्यात यावी. ठरावाला एकमताने मान्यता मिळाली. हात वर करताना काहींचे खांदेही दुखले.

सासऱ्यांनंतर घरात पाय उरले नव्हते. पण दोरी मागत होती. चिटणीसांनी नात्याची व्याख्या आणखी सैल केली: ज्याच्या अंगाचं माप मास्तरांनी घेतलं आहे, तो अंगातलाच. आणि मास्तरांनी माप घेतलं नाही असं गावात कोण होतं? एकेक गिऱ्हाईक दुकानात येई, परवाचं काय झालं विचारी, आणि मास्तर खाली मान घालून म्हणत, "एक फेरी मारता का? नक्की देतो." सदऱ्यांसाठी लोक धावले. पोस्टातल्या बाई झग्यासाठी धावल्या, उलट्या. घड्याळजी धावला. कोटवाले तर सलग पाच दिवस धावले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कोटासाठी काहीतरी करायला मिळालं होतं.

यातून एक फॅशनही निघाली. सुजलेला गुडघा पॅन्टीत मावेना, म्हणून मास्तरांना प्रत्येक पॅन्ट गुडघ्यापाशी ढगळ करावी लागली. लंगडणारी प्रतिष्ठित मंडळी ढगळ गुडघ्याने हिंडू लागली, तेव्हा ज्यांचं काही दुखत नव्हतं ते बावचळले. त्यांनीही तशाच पॅन्टी मागितल्या, आणि आत कापूस भरून देता येईल का, असं हळूच विचारलं. मुलगी बघायला गेलेल्या एका मुलाला मुलीच्या वडिलांनी पहिला प्रश्न केला, "कुठला, डावा की उजवा?"

आणि बघा, या सगळ्यात एक गोष्ट घडली. गिऱ्हाइकं घरी पाय वर करून पडलेली. दुकानाच्या तीन पायऱ्या चढणारं कुणी उरलं नाही. तगादा नाही, गर्दी नाही, नवं काम नाही. मास्तरांचा गुडघा मशीनवर लोण्यासारखा चालत होता. खुंट्या एकेक करून मोकळ्या झाल्या. सदऱ्यांना हात फुटले. चोळ्याही झाल्या, बायकोने त्या छातीशी धरल्या आणि परत घडी घातली, कारण आता त्यांतली एकही तिला येणार नव्हती. सगळ्यांत शेवटी कोट झाला, आणि मास्तर जन्मात पहिल्यांदा, फेऱ्यांच्या बदल्यात कबूल केलेल्या दिवशी, कबूल केलेलं काम घेऊन, गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहिले.

कोटवाले खुर्चीत होते. पाय उशीवर. त्यांनी बसल्या बसल्या कोट अंगात घालून पाहिला. एक बाही गेली. दुसरी गेली नाही.

"शिवलाय सुरेख," ते म्हणाले. "ज्याच्या मापाचा आहे तो मात्र आता इथे राहत नाही."

मास्तरांनी गेलेली बाही हलकेच परत काढून घेतली.

"मास्तर, रागावणार नसाल तर एक विचारतो. मी बाहेरून धावायचो ना, तेव्हा आत झाडांमधून तुम्ही दिसायचात. मजेत धावायचात. मग मी कशाला धावत होतो?"

"माझी धाव धरत नाहीत हो ते."

"ते कोण?"

"मंडळ."

"आणि मंडळात कोण आहे?"

मास्तरांनी मनातल्या मनात सगळी नावं घेतली. सगळी आपलीच माणसं निघाली. कुणाचा सदरा त्यांनी शिवला होता, कुणाची पॅन्ट गुडघ्यात ढगळ केली होती. कोट परत घडी घालून ते घरी आले. बायको पाय स्टुलावर ठेवून बटणं लावत बसली होती.

"आता कुणाला पाठवताय?" तिने वर न बघता विचारलं.

"कुणालाच नाही."

तिच्या हातातली सुई थांबली. मग परत चालू लागली.

मास्तर जुने बूट उचलून तसेच फाटकाशी गेले. चिटणीस खुर्चीत होते. दोरी कठड्यावर वेढ्यांवर वेढे घेऊन बसली होती, एखाद्या सुस्तावलेल्या जनावरासारखी. मास्तरांनी तिच्यावरून बोट फिरवलं नाही.

"उद्याची गाठ," ते म्हणाले, "परवा देतो."

चिटणीसांनी शिट्टी तोंडाकडे नेली, पण काय वाजवावं ते सुचेना. आजवर धारातीर्थी पडलेले सभासद त्यांनी पाहिले होते. राजीखुशीने थांबलेला हा पहिलाच. मास्तर जुने बूट खुर्चीखाली जमा करून घरी गेले. रात्री, म्हणतात, त्यांना गाढ झोप लागली, आणि सकाळी बायकोने चहा मागितल्यावर ते हात न टेकता उठले.

इथे कथा संपली असती. पण मंडळ काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतं. मास्तर थांबले त्याच संध्याकाळी तातडीची सभा झाली आणि ठराव झाला, तो जसाच्या तसा सांगतो: सदर दोरी ही आता एका सभासदाची राहिलेली नसून समाजाची ठेव आहे, सबब मूळ सभासदाने हात काढून घेतला तरी ती चालू ठेवण्यात यावी. नातलग, मेव्हणे व गिऱ्हाईक हे संपुष्टात आल्याने, यापुढे मास्तरांची हकीकत जो कुणी मध्येच न उठता अखेरपर्यंत ऐकेल, त्यास मास्तरांविषयी जिव्हाळा आहे असं गृहीत धरून तो त्यांचा आप्त समजण्यात यावा.

तुम्ही मध्येच उठला नाहीत. जांभईसुद्धा दिली नाहीत.

तेव्हा उद्या पहाटे बूट फाटकापाशी खुर्चीखाली असतील. पद पाठ झालंच असेल. आतली मातीची वाट मोकळी आहे, तिथे कुणालाही मनाई नाही, आणि दुखलं की थांबायलाही कुणाची ना नाही. तरी तुम्ही बाहेरच्याच रस्त्याने जाल, याची मंडळाला खात्री आहे. त्यांनी तुमच्या नावाची गाठ आधीच मोजून ठेवली आहे. माझी एवढीच विनंती. शेवटच्या वळणावर गुडघा बोलू लागेल, तेव्हा कठड्यातून आत बघा. एक टेलर आणि त्यांच्या मागे दोन पावलांवर, अजून जरा जपून, त्यांची बायको, सावकाश चाललेली दिसतील. त्यांना हाक मारून थांबवू नका. फक्त त्यांची आठवण ठेवा.